गोमाचा बारका धूर

सोमवार, कर्जत

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला कर्जत माहीत असते ते स्टेशनापुरते. घाट उतरला, कानाचे दडे सुटले, खिडकीतून हात काढून ताडगोळे घेतले, की कर्जत संपले. स्टेशनाबाहेर पडून खालापूरच्या अंगाला पायी गेलेला माणूस आमच्या पेठेत मला तरी भेटलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे. आणखी एक कारण आहे. ते सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लेखणी रेटतो.

वेठीच्या तक्रारींची चौकशी करणारे आम्हा पाच-सहा तरुणांचे एक मंडळ आहे. चौकशी हा शब्द मी आता भीत भीत वापरतो, कारण आमची रीत अशी होती, की आधी पत्रक छापायचे आणि मग चौकशीला निघायचे. कर्जतेच्या एका दुकानदाराचे पत्र आमच्याकडे आले होते. मुंबईहून दक्षिणेकडे टपाल नेणारे विमान दर बुधवारी इकडून जाते. ते अडचणीत आले तर उतरायला असावा म्हणून विमानाच्या कंपनीने एक माळ घेतला आहे, तिथे डोंगरातल्या ठाकर जमातीच्या एका माणसाला फुकट राबवतात, आणि बुधवारी विमान जाईपर्यंत शेजारच्या गावाला राब लावण्याची बंदी केली आहे, असा त्यातला मजकूर.

घाटावरच्या वाचकांसाठी राब म्हणजे काय ते सांगतो. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे, त्यावर उन्हाळ्यात झाडांचे टहाळे, शेण, पालापाचोळा आणि गवत असे थर पसरतात आणि जाळतात. जमीन भाजून निघते, तण मरते, राख खाली बसते. तुकडा नीट भाजला नाही तर रोप धरत नाही, आणि रोप नाही तर वर्षाचे भात नाही. आता अशा गोष्टीला बंदी म्हटल्यावर माझ्यासारख्याचे डोके किती तापावे? पत्र आले त्याच दिवशी पत्रक लिहून झाले. मथळा होता, ‘आकाशातल्या साहेबासाठी जमिनीवरच्या भाताला बंदी!’ उद्गारचिन्हे मी तीन घातली होती. छापखानेवाल्याने खिळे कमी आहेत म्हणून दोन काढली.

रात्री दुकानदाराकडे उतरलो. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, दणकट; इथे तांदळाची, पांढरीशुभ्र, हातरुमालासारखी घडी होणारी. कैरीच्या लोणच्याशी पाच खाल्ल्या. यजमानांच्या ताटात सुके बोंबील होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ताट घेऊन ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मला वाईट वाटले, पण थांबा असे काही म्हटले नाही.

मंगळवार, माळावर

पहाटे निघालो. पळसदरीपर्यंत चाल सुखाची आहे. पळसाची फुले संपून गेली होती. साग उघडा, खाचरे भेगाळलेली, आणि बांधाबांधावर करवंदीच्या जाळ्या अशा लगडलेल्या, की दर दहा पावलांना थांबावेसे वाटे. उजव्या हाताला, दूर, इरसाळचा सुळका सारखा सोबत असतो. आपण चालतो तसा तोही चालतो असे वाटते. बोटे करवंदांनी जांभळी झाली. मग ऊन चढले, आणि पुण्याहून मुद्दाम घेतलेल्या नव्या चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल, एक पाय तापलेल्या दगडावर, आणि बगलेत पत्रकांचा गठ्ठा. अशा थाटात मी खालापूरची गाडीवाट सोडून माळावर पोचलो.

माळ लांबट आहे, पूर्व-पश्चिम पसरलेला. दगड न् दगड वेचून कडेला रचून ठेवलेला. पूर्वेच्या टोकाला खोल नाला, पश्चिमेच्या कोपऱ्यात एक कुडाची झोपडी. दक्षिणेच्या कडेला एक टेकडी आहे आणि तिच्या कुशीत, माळापेक्षा खाली, गावाची भातखाचरे. झोपडीतून चाळिशीचा एक काटक माणूस बाहेर आला. हाच गोमा, दुकानदाराच्या पत्रातला ठाकर.

“या दादा, सावलीला बसा. चप्पल तुटली जनू?”

त्याची बायको ठमी हिने काही न विचारता चप्पल माझ्या हातातून घेतली, पळसाच्या मुळाचा वाख काढला आणि अंगठा शिवायला बसली. तो अंगठा आजही तुटलेला नाही.

गोमाने मला नाचणीची आंबील दिली आणि मग एक पाटी पुढे ओढली. पाटीत, सागाच्या पानांत गुंडाळलेली, दोन लांबच लांब पांढरी कापडे होती.

“हे आडवं, हे उभं,” तो म्हणाला. “वारा जिकडनं येतो तिकडं आडवं टाकायचं. वरचा मानूस उभ्याच्या रेघेनं आडव्याकडं उतरतो, वाऱ्याला तोंड देऊन. पाखरू झाडावर कसं बसतं? तसंच.”

“आणि हा पाला कशाला?” झोपडीशेजारी ओल्या पाल्याचा ढीग होता.

“त्यो धुराचा. कापड लांबनं दिसत नाय, धूर दिसतो. धुरावरनं त्याला वारा कळतो, मंग खाली येऊन कापड बघतो. पन दादा, धूर एकच पायजे. दोन धूर झालं का वरचा मानूस घोटाळतो. त्याला आपन काय वरडून सांगनार?”

“वरचा माणूस घोटाळला तर घोटाळू दे,” मी म्हणालो. “खालचा माणूस शंभर वर्षे घोटाळतोच आहे.”

हे वाक्य मला इतके आवडले, की मी वही काढून ते लिहून ठेवले. गोमा पाहुण्याचे मन राखायला हसला. त्याने सांगितलेले धुराचे मात्र मी काहीच लिहिले नाही.

मग मी चौकशी केली. मजुरी काय मिळते?

“मजुरी नाय. माळाचं गवत आमचं. आनि झोपडी हितं ठेवायची, कोन उठवनार नाय. जंगलात तीन डाव उठवली आमाला.”

“म्हणजे मजुरी नाही.”

“गवत हाय की.”

‘मजुरी नाही,’ मी लिहिले.

आजवर दोन वेळा विमान इथे उतरले होते. पहिल्या वेळची हकिकत गोमा सांगू लागला. “ही ठमी तर डोंगरात पळाली...”

“मी पळाले?” ठमी चपलेवरून मान वर न करता म्हणाली. “तूच शेळीच्या मागं दडला हुतास. शेळी बरी, ती तरी उभी ऱ्हायली.”

गोमा खो खो हसला. “बरं, दडलो. पन मंग तो खाली उतरला, हितंच बसला, आंबील प्याला. आपल्या माळावर उतरला म्हंजे पावनाच की आपला. बुदवारी वरनं जाताना पंख हलवतो. येकदा हा, येकदा तो. म्हंजे, दिसलं रं गोमा, असं.”

वेठीला जुंपलेला माणूस असा बोलत नाही, हे ऐकणाऱ्याला कळायला हवे होते. मला वाटले, बिचाऱ्याला आपल्या गुलामीची जाणीवच नाही. ती करून देणे हे आपले काम.

दिवेलागणीला गावात मारुतीच्या पारावर माणसे जमवली. पत्रक वाचून दाखवले. गावातले जुने शेतकरी धोंडूतात्या, ज्यांच्या हातून दरवर्षी पहिला राब लागतो, ते शांतपणे ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, “बेस्तरवारी लावू की. कंपनी बुदवारी सकाळचंच नको म्हनते. इमान गेलं का कोन अडवतंय?”

इथे मी थांबायला हवे होते. बंदी होती ती आठवड्यातून एका सकाळची. दुकानदाराने ते लिहिले होते, मी वाचलेही होते. पण पत्रकात ‘एका सकाळची’ हे शब्द बसत नव्हते.

“प्रश्न दिवसाचा नाही तात्या, हक्काचा आहे,” मी म्हणालो. “जमीन तुमची, राब तुमचा. आणि एक माणूस दोन फडकी घेऊन माळावर उभा राहतो आणि सगळ्या गावाने हात बांधून बसायचे?”

मागून एक तरणा गडी ओरडला, “खरं हाय! त्या ठाकराचं ऐकायचं का आता आमी?”

मोठा हशा झाला. त्या हशात मला पाठिंबा ऐकू आला. तो हशा कसला होता, हे त्या वेळी ध्यानात आले नाही असे मी म्हणू शकलो असतो. पण आले होते. माणसे उठताहेत, एवढ्यावर मी खूश होतो. ज्याच्यासाठी पुण्याहून आलो त्याच्याच डोक्यावर पाय देऊन ती उठताहेत, हे मी बाजूला सारले.

“तात्या भ्याले काय साहेबाला?” आणखी कोणी म्हणाले.

धोंडूतात्यांनी पटका नीट केला. “भ्यायचं काय त्यात? लावू उद्या.”

बुधवार

राब लागताना पाहावा. त्यासारखे देखणे काम थोडे. तात्यांनी वाऱ्याच्या उलट्या बाजूने, खाचराच्या कडेला, गवताच्या चुडीने आग लावली. ही आग धावत नाही. ती माघारी सरकत, सावकाश, थराथरातून जमीन भाजत येते. बायका ओल्या डहाळ्या घेऊन बांधावर उभ्या होत्या. एकेक करून दहा-बारा तुकडे पेटले. जाड, पिवळट पांढरा धूर टेकडीच्या कुशीत दाटला आणि वर चढू लागला. मी बांधावर उभा राहून पत्रके वाटत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि मला ते अभिमानाचे वाटत होते.

गोमा माळावरून पळत आला. “तात्या, इजवा! इमानाची येळ झाली! तुमाला म्हायत हाय ना, आज बुदवार?”

“हे दादा सांगतील तुला,” तात्या म्हणाले.

गोमा माझ्यापुढे उभा राहिला. “दादा, सकाळचा वारा डोंगराकडनं हुता, आता फिरला. माळावर समिंदराकडनं आलाय. पन हितं कुशीत त्यो टेकडीला आपटून उलटा फिरतो. तुमचा धूर खोटं सांगतोय!”

इतके स्पष्ट. एखाद्याने पाटीवर आकृती काढून दाखवावी तितके स्पष्ट. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “गोमा, भिऊ नकोस. तुझ्यासाठीच चालले आहे हे.”

तो माझा हात झटकून माळावर परत पळाला. थोड्या वेळाने त्याच्या ढिगाचा धूर वर आला. एक बारीक पांढरी रेघ, बरोबर समुद्राकडून डोंगराकडे झुकलेली. आमचा धूर त्याच्या दसपट होता आणि बरोबर उलटा झुकला होता. पाहता पाहता आमच्या धुराचा लोट माळावर सांडला आणि ती रेघ त्यात बुडाली.

विमानाचा आवाज आला तो तुटक तुटक. आजवर सरळ निघून जाणारे विमान खाली येऊन माळाला वळसा घालू लागले. पुढे कळले, की इंजिनातले तेल गळून गेले होते आणि उतरण्यावाचून इलाज नव्हता. एक वळसा, दुसरा वळसा. वरून तो काहीतरी शोधत होता. काय शोधत होता ते त्या बांधावर एकट्या मला माहीत असायला हवे होते, कारण आदल्या दिवशी आंबील पीत पीत मीच ते ऐकले होते.

त्याला एकच धूर दिसला, तो मोठा. त्यावरून त्याने वारा धरला आणि समुद्राकडून डोंगराकडे असा उतरला. म्हणजे वारा पाठीत घेऊन. चाके टेकली तेव्हा माळ अर्धा संपला होता. माझ्या शेजारचे पोरगेले गडी आधी ओरडत होते, मग गप्प झाले. विमान थांबेना. नाल्याच्या काठावर त्याचे नाक खाली गेले, शेपूट आभाळाकडे उभी राहिली आणि सगळे पलीकडे कोसळले.

आम्ही पोचलो तोवर गोमा नाल्यात उतरला होता. तापलेल्या पत्र्याखाली हात घालून त्याने वैमानिकाला ओढून काढले होते. त्याच्या उजव्या हाताची कातडी बोटांपासून कोपरापर्यंत सोलून निघाली होती. वैमानिक माझ्याच वयाचा, मुंबईचा पारशी. मांडीचे हाड मोडले होते, चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्ध होती.

“मी धूर बघितला,” तो सारखे सांगत होता. “मोट्टा धूर होता. बरोबर त्याच्यापरमाने आलो. गोमा, तुझा धूर कुठला रे?”

गोमाने मान खाली घातली. “माजा बारका हुता, साहेब.”

वैमानिकाने माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात उरलेली पत्रके होती. त्याला वाटले असावे, की टपालाचे कागद उडाले ते मी गोळा केले. “थँक यू,” तो म्हणाला.

खाटेवर घालून त्याला कर्जतेला नेले. खाटेचा एक खूर मी धरला होता. हे सांगतो ते पुण्य म्हणून नव्हे. वाटेने त्याला दर धक्क्याला किती दुखत होते ते ऐकले, म्हणून सांगतो.

गुरुवार, पंचनामा

दुसऱ्या दिवशी माळावर फौजदार आले आणि मुंबईहून कंपनीचा एजंट आला. आंब्याखाली घोंगड्या टाकून पंच बसले. गाव सगळा गोळा झालेला. गोमा हाताला कोरफडीचा गर लावून बाजूला उभा होता, ठमी त्याच्या मागे.

“राब कोणी लावला?” फौजदारांनी विचारले.

“आमी,” धोंडूतात्या म्हणाले.

“बुधवारी सकाळी मनाई आहे, माहीत होते?”

“हुतं.”

“मग कोणाच्या सांगण्यावरून लावलात?”

गावातल्या एकाही माणसाने माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही. मी त्यांच्या गावी उतरलेला माणूस होतो आणि माझे नाव सरकारी कागदात जाऊ द्यायचे नाही, हे कोणी कोणाला न सांगता ठरले होते.

“कोनाच्या नाय,” तात्या म्हणाले. “वारा बरा वाटला, लावला.”

एजंट हसला. “हे लोक लावणारच. मग राखणदार कशाला ठेवलाय? यांना अडवणे हे याचे काम होते.” त्याने गोमाकडे बोट केले. “आठ दिवसांत झोपडी हलव. माळावर दिसायचे नाही.”

“मी सांगाय गेलो हुतो, साहेब,” गोमा म्हणाला.

“कोणाला सांगितलेस?”

आता गोमाने माझ्याकडे पाहिले. त्याबरोबर फौजदारांनीही पाहिले. खादीचे कपडे, शहरी चेहरा. “आपण कोण?”

मी गेली चार वर्षे सभांतून बोलतो आहे. पोलिसांपुढे मान ताठ ठेवून उभा राहिलो आहे, एकदा लाठीही खाल्ली आहे. ती सगळी बहादुरी अशा वेळची होती, की ज्या वेळी माझी बाजू बरोबर आहे अशी माझी खात्री असे. चूक माझी असताना उभे राहण्याची सवय मला कोणी लावली नव्हती.

“मी प्रवासी,” मी म्हणालो. “हा भाग पाहायला आलो होतो.”

कारकुनाने ते लिहून घेतले. गोमाच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरे झाले असते. तो वाट पाहत होता. त्याला वाटत होते, की शिकलेला माणूस आहे, याच्या बोलण्यात काही डाव असेल, आता पुढे काहीतरी म्हणेल. मी काही म्हणालो नाही. कागदावर अंगठे उठले, मीही सही केली आणि पंचनामा संपला.

शुक्रवार, खालापूर

पहाटे कोणाला न सांगता खालापूरची वाट धरली. पाताळगंगेच्या काठाची ही वाट सुंदर आहे असे लोक म्हणतात. असेल. महालकऱ्यांच्या कचेरीत एक वयस्क कारकून सुपारी कातरत बसले होते. मी लिहून आणलेला जबाब त्यांच्यापुढे ठेवला. राब माझ्या चिथावणीने लागला, गोमाने मला दोनदा बजावले, गोमाची यात कणभर चूक नाही. सोबत पत्रकाची प्रत.

त्यांनी चष्मा पुसून दोन्ही वाचले. पत्रक जास्त लक्ष देऊन वाचले. “भाषा जोरदार आहे.”

त्यांनी पत्रक घडी करून जबाबाखाली सरकवले.

“काल फौजदार तिथेच होते ना? तेव्हा वाचा बसली होती काय?”

“हो,” मी म्हणालो. दुसरे काय सांगणार?

ते थोडे निवळले. जबाबावर शेरा मारून कागद ठेवून घेतला आणि म्हणाले, “हा वर जाईल. पण राखणदार ठेवणे-काढणे कंपनीचे. सरकार त्यात हुकूम करणार नाही. जा, त्या माणसाला तरी सांगा, की जबाब दिला म्हणून.”

परतलो तेव्हा गोमा झोपडीचे कूड सोडवत होता, डाव्या हाताने. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. पारावर काय बोललो, आंब्याखाली काय बोललो नाही, खालापूरला काय लिहून दिले.

त्याने हातातली गाठ सोडवली. मग म्हणाला, “झालं ते झालं. पन दादा, बुदवारी इमान हाय.”

“असू दे. तुला काढले ना?”

“मला काढलं. दुसरा ठेवलाय का?”

ठेवला नव्हता. एजंट दोन्ही कापडे घेऊन गेला होता, आणि बदली माणूस पंधरा दिवसांनी येणार होता.

“मंग एक बुदवार कोन बघनार?” गोमाने विचारले. “तुमच्याकडं पांढरं धोतर किती हाईत?”

बुधवार, दुसरा

माझ्याकडे अंगावरचे धरून दोन होती. ती आदल्या दिवशीच धुऊन वाळत घातली. तिसरा पर्याय म्हणून गोमाने मला त्याचा पंचा दिला. तो गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हता, आणि त्याच वेशात मला मंगळवारी संध्याकाळी गावात दारोदार जायचे होते. कारण वरची खाचरे भाजायची राहिली होती आणि उद्या सकाळी धूर करू नका हे सांगायला गोमा जाणार नव्हता. “तुमी लावा म्हनालात, तुमीच नका म्हना,” एवढेच तो म्हणाला.

एका पारावर भाषण करणे सोपे असते. एकोणीस दारांत जाऊन एकेका माणसाला ‘माझे चुकले’ म्हणणे काय असते ते ज्याचे त्याने करून पाहावे. पारावर ओरडलेला तो तरणा गडी दारातच भेटला. माझ्या उघड्या पायांकडे पाहून म्हणाला, “आज पत्रक नाय वाटायचं?” मी म्हणालो, नाही. “मंग तोंडानं काय सांगता? ठाकराचं ऐकायचं, असंच ना?” मी म्हणालो, हो, असंच. गोमाला माळाचे जितके कळते तितके आपल्या दोघांना मिळून कळत नाही. त्याला ते आवडले नाही. पण धूर करणार नाही, म्हणाला.

धोंडूतात्यांची म्हातारी भागीरथीबाई उंबऱ्यात भाजी निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले. “परवा लावा म्हनलास, आज लावू नका म्हनतोस. पुन्याला चुली तरी येका टायमाला पेटवतात का रं?” आतून सुनांचे हसणे ऐकू आले. मग ती हळूच म्हणाली, “आमचे हे सांगत हुते तुला, बेस्तरवारी लावू म्हनून. ऐकायचं हुतंस, बाबा.”

“होय,” मी म्हणालो.

“जेवलास का?”

तिच्या ओटीवर मी जेवलो. ताटात सुके बोंबील आले. ताट बाजूला सारायचे धैर्य नव्हते आणि हक्कही नव्हता. खाल्ले.

सकाळी माळावर माझी दोन धोतरे अंथरली. गोमाने तळहातावर माती घेऊन उडवली, वारा पाहिला, आडवे धोतर चार हात सरकवून घेतले, कडांवर दगड ठेवले. मग ओला पाला पेटवला. साऱ्या खोऱ्यात त्या सकाळी तेवढा एकच धूर होता. विमान उंचावरून आले. वैमानिक दुसरा होता, त्याला गोमा माहीत नव्हता. त्याने पंख हलवला नाही. सरळ डोंगरापलीकडे गेला. आवाज पुरता विरेपर्यंत गोमा हात कपाळाशी धरून उभा होता. मग त्याने पाणी मारून जाळ विझवला, धोतरांवरची माती झटकली, घडी घालून माझ्या हातात दिली आणि सोडवलेल्या कुडाची मोळी डोक्यावर घेतली. ठमी शेळ्या घेऊन पुढे निघाली होती. पळसदरीच्या वरच्या रानात ते गेले, जिथून याआधी त्यांना तीन वेळा उठवले आहे.

माझ्या जबाबाची प्रत मी कंपनीलाही पाठवली, तिचे उत्तर आले: पत्र पोचले. माळावर आता दुसरा माणूस आहे. मी दोन महिने वर्तमानपत्रांकडे आणि कंपनीकडे लिहितो आहे, आणि लिहीत राहणार आहे. वैमानिकालाही सगळे लिहून कळवले. त्याचे उत्तर नाही.

हे छापायचे ठरल्यावर मी रानात जाऊन गोमाला भेटलो. गावाला पुन्हा त्रास नको म्हणून गावाचे नाव गाळले आहे, धोंडूतात्यांचे आणि भागीरथीबाईंचे बदलले आहे, असे त्याला सांगितले. तुझेही बदलतो म्हणालो. तो भाजलेल्या हाताने काटक्या मोडत होता. दोन बोटे अजून वळत नाहीत.

“माजं कशापायी बदलता?” तो म्हणाला. “मी काय चुकलो?”

म्हणून गोमाचे नाव तेवढे खरे आहे.